डाव्या बाजूचं पाणी

पहाटे चारला टेम्पो आला,
भोकं पाडलेली खोकी, आणि आत
एका दिवसाचा चिवचिवाट.
भुईमुगाच्या टरफलांवर कागद अंथरून ठेवले होते.
एकेकाला उचललं, चोच पाण्यात बुडवली, सोडलं.
चाळीस ग्रॅम. वजन म्हणावं असं काही नाही,
तळहाताला नुसता ऊबदारपणा.

तहसीन मॅडम परभणीहून येऊन गेल्या होत्या.
शेडच्या मधोमध जाळी बांधायला लावली.
डाव्या बाजूच्या भांड्यांत पांढरी भुकटी,
उजवीकडं आमचं बोअरचं.
पाच दिवस. मग दोन्हीकडं सारखंच.
"एवढंच?" मी म्हणाले.
"एवढंच. आत्ता दिलेलं अंग लक्षात ठेवतं का, बघू."

बोट बुडवून चाखलं मी.
आंबट, आणि मागून बिटासारखं गोड.
सासरे शेडच्या दारात तंबाखू मळत होते :
"चैतात पाजलेलं वैशाखात पुरतंय व्हय गं?
मग मलाबी पाज की."

चैत्र असूनही बल्ब लावावे लागले.
हे एक मला अजून कळलेलं नाही,
पहिल्या आठवड्यात ऊब कमी पडली तर मरतात,
आणि महिन्यानं तीच ऊब मारते.
मधे कुठला दिवस असतो
जेव्हा ती नुसती ऊब असते?

छत्तिसावा दिवस.
गंगाखेडकडचा रस्ता दुपारी बाराला पांढरा दिसायला लागला.
शेडमधला काटा चव्वेचाळीसवर,
एक वाजून चाळीस मिनिटांनी लाईट गेली.
पंखे थांबले, तेव्हा कळलं
किती आवाज होता त्यांचा.

कोंबडीला घाम नसतो.
तिच्याजवळ असते फक्त उघडी चोच.
अडीच हजार उघड्या चोची,
पंख अंगापासून लांब धरलेले,
एकही चिवचिव नाही,
लोहाराच्या भात्यासारखं नुसतं हापणं.
इरफान पत्र्यावर चढून पाणी मारत होता,
पाणी पन्हाळीपर्यंत पोचायच्या आत वाळत होतं.
मी पोती भिजवली, बाजूनं टांगली,
पाखरांतून पाय घासत फिरले,
बसलेल्यांना उठवत,
बसलं की खालची हवा कोंडते म्हणून.
काही उठली.
काहींना पायानं सरकवलं तर ती तशीच सरकली.

सहाला लाईट आली.
मोबाईलच्या उजेडात मोजलं.
उजवीकडं एकसष्ट.
डावीकडं चौतीस.
पुन्हा मोजलं तर पस्तीस,
एक भांड्याच्या मागं होतं,
चोच पाण्याच्या दिशेला.
वहीत पस्तीस लिहिलं.

मॅडमना फोन केला.
त्या थोडा वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "प्रयागताई, एका शेडवरून काही म्हणता येत नाही.
अजून अकरा शेड आहेत माझ्या यादीत."
खरं असेल.
पण सव्वीसचा फरक म्हणजे बावन्न किलो,
एका पोत्यात मावत नाही ते.
मेलेली मी स्वतः भरून खड्ड्याशी नेली,
म्हणून न मेलेल्यांचं वजन मला ठाऊक आहे.

एक्केचाळिसाव्या दिवशी गाडी आली.
पायाला धरून, उलटी, एका हातात पाच-पाच.
पोरं डावं-उजवं बघत नव्हती,
सगळी त्याच क्रेटमध्ये, त्याच काट्यावर.
जाळी तेवढी मधे लोंबत राहिली.
ड्रायव्हर म्हणाला, "ही कशाला बांधली होती?"
सांगायला लागले, तर त्यानं गाडी चालू केली.

पाच दिवस पाजलं होतं.
सव्वीस पाखरांना पाच दिवस मिळाले.
हिशेब म्हटलं तर बरोबर बसतो,
म्हणूनच तो मी वहीत लिहिला नाही.

भांडी घासताना सासरे मागं येऊन उभे राहिले.
"पुढच्या खेपेला," म्हणाले, "ती भुकटी
उजवीकडंबी टाकता येत न्हाई का?"
"मग कळायचं कसं?"
"काय कळायचं?"

मी लाल भांडं पालथं घातलं.
त्यातलं उरलेलं घोटभर पाणी
टरफलांवर सांडलं,
आणि गोड वासाला
कुठूनशा मुंग्या आल्या.