पाठीकडची बाजू

वेल्श लोक याला नाक म्हणतात, आपण भूशिर.
नाक असो की शिर,
मानेवर तीन तट आडवे घातलेत
आणि तिन्हींची तोंडं जमिनीकडे.

एलिनेद गुडघ्यांखाली गादीचा तुकडा घेऊन बसते.
थापी आपल्याकडे ओढते,
मातीचा रंग पालटला की थांबते.
काळसर गोल डाग. इथे खांब होता.
चार हातांवर दुसरा. मग तिसरा.
नऊ मोजून झाले, दहाव्याच्या जागी वारा.
अर्धं घर कुठल्याशा हिवाळ्यात खाली उतरलं,
चुलीच्या एका दगडासकट.
उरलेले दोन दगड अजून भांड्याची वाट बघत
कड्याच्या अगदी काठाशी.

हेदविन साडेदहाला चहाची किटली घेऊन येतो.
शेत त्याचं, मेंढ्या त्याच्या.
बुधवारी खंदकात, कमरेइतक्या खोलीवर,
निळी खताची गोणी निघाली. प्लास्टिकची.
त्यानं टोपी काढली.
"बहात्तर साली. ट्रॅक्टर नवा होता.
वडील म्हणाले, बुजव तो खड्डा, बटाटे लावू."
"आले?" गेथिननं विचारलं.
"एक वर्ष. मग खारं वारं."
एलिनेदनं गोणीलाही क्रमांक दिला,
बाकीच्यांसारखाच, शाईच्या पेननं.
त्याला बरं वाटलं की लागलं, कळलं नाही.
किटली मात्र विसरून गेला.

शुक्रवारी दाराच्या आत गोफणगुंडे.
एका ढिगात चारशे एकवीस.
खालच्या किनाऱ्यावरून निवडून आणलेले,
गुळगुळीत, कोंबडीच्या अंड्याएवढे.
आणि मध्येच काही सुपारीएवढे,
ज्यांनी चिमणीसुद्धा उडाली नसती.
कुणीतरी सोबत आलेलं असणार,
नको म्हटलं तरी ओचा भरून आणणारं.

एकही गुंडा सुटलेला नाही.
कुणी चाल करून आलंच नाही बहुतेक,
किंवा आलं आणि तीन तट बघून कंटाळलं.
गेथिन एक गुंडा तळहातावर तोलतो,
नेम धरल्यासारखा वळतो
आणि तोंड जाऊन ठेपतं त्या बाजूला
जिथे तट घातलाच नव्हता,
तिकडून कोण येणार म्हणून.

खाली लाट कपारीत शिरते,
जरा वेळ आतच राहते.
कानांच्या आधी तळपायांना कळतं.

शेवटच्या दिवशी चर बुजवायचे.
रीतीप्रमाणे एलिनेद तळाशी यंदाचं एक नाणं ठेवते,
पुढे खणणाऱ्याला समजावं,
इथवर कुणी येऊन गेलंय.
हेदविन हनुवटीनं पाण्याकडे दाखवतो:
"पुढे खणणारा तो बघ.
त्याला सुटे पैसे लागत नाहीत."
ती हसते. नाणं उचलत नाही.

मग तो माती लोटू लागतो,
त्याच शेतातली,
या खेपेला फावड्यानं,
आणि प्रत्येक फावड्यानंतर
थोडं थांबून.