मागाच्या खड्ड्यावरचं कपाट

गोळीबार चौकातल्या आमच्या दोन खोल्यांत
कपाटासाठी एकच भिंत मोकळी होती
आणि त्या भिंतीशी खड्डा.
बुजवलेला. वर शहाबादी फरशी.
माझे वडील, डोमाजी, कडेला बसून पाय आत सोडून
पस्तीस वर्षं तिथे पावड्या दाबत होते.

माग विकला त्या वर्षी मी पहिला कॅमेरा घेतला.
दोन्हीचे पैसे एकच होते
हे घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही.

कपाट माझं, पण मांडणी पुष्पकलाची.
लग्नात जे आधी लागतं ते हाताशी.
बॅटऱ्या भरलेल्या उताण्या, संपलेल्या पालथ्या.
वायरी मुलीच्या जुन्या मोज्यांत, एका मोज्यात एक.
मेमरी कार्डं हिंगाच्या डबीत
(एका नवरदेवानं कार्ड घेताना हुंगून पाहिलं होतं).
फ्लॅश तांदळाच्या कोठीत ठेवायचा माझा प्रयोग
तिनं दोन दिवस चालू दिला.
तिसऱ्या दिवशी भातात स्क्रू निघाला,
तो तिनं माझ्याच ताटात वाढला.

आता निळे दाणे आहेत, गांधीबागेतून किलोनं आणलेले.
ओल पिऊन ते गुलाबी होतात,
मग ती ते तव्यावर परतते, शेंगदाण्यासारखे,
पुन्हा निळे होईस्तोवर.
तवा वेगळा. पोळीच्या तव्याला हात लावायचा नाही.

लोकांना वाटतं नागपूर म्हणजे कोरडं.
मे महिन्यात सत्तेचाळीस, ओठ फाटतात.
पण मे महिन्यात कूलरही असतो,
वाळा ओला, गादी ओली, वर्तमानपत्र लुळं.
कूलरच्या खोलीत कोणी पापड ठेवत नाही,
मी लेन्सा ठेवत होतो.
दुसऱ्या खोलीत ठेवाव्या
तर आतलं तेल पातळ होऊन पात्यांवर उतरतं.

हे मला सीताबर्डीच्या निखारेंनी सांगितलं,
पन्नासची लेन्स उजेडाकडे धरून:
"पाहा ना भाऊ, कशी जाळी विणून राहिली."
बुरशी.
कडेकडून मधे सरकणारी, पांढरी,
एकेक धागा सुटा दिसेल अशी.
"काच खाल्ली हिनं. पुसून जात नाही आता.
अन् बाकीच्यांजवळ ठेवू नका हिले."

विणून राहिली, असं म्हणाले ते.
तेही आमच्यातलेच. शब्द सहज आला असेल.

त्या लेन्समधून मी वडिलांचा एकच फोटो काढलेला.
खड्ड्यातून पाय वर घेताना, शेवटचे.
फोटो हलला आहे.
शटर किती ठेवायचं ते तेव्हा कळत नव्हतं.

रात्री कपाट सरकवलं.
शेजारचे पराते, त्यांचा मुलगा, पुष्पकला, मी.
खालची फरशी काळपट, हाताला गार,
घाम आल्यासारखी.
बुजवताना विटांचे तुकडे टाकले होते, राख,
मोडकी फणी,
आणि नीट ठोकून बसवलं नव्हतं.
लग्नसराई होती. मला ऑर्डरी होत्या.

कपाट आता दाराजवळ आहे. दार अर्धंच उघडतं,
पाहुणे अंग चोरून आत येतात,
सासरे तर एकदा अडकले.
मोकळ्या फरशीवर आम्ही काही ठेवत नाही.
मुलगी तिथे अभ्यासाला बसते, गार लागतं म्हणून,
पाय पसरून, टाचा आपटत,
एकदा डावी, एकदा उजवी.

पन्नासची लेन्स
कांड्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आहे,
धोट्याला लागून.
डब्यावर पुष्पकलानं चिकटपट्टी लावली,
बॉलपेननं दोनदा गिरवून लिहिलं:
बिघडलेलं आहे.
विकायचं नाही.