बावीसमधले दोन

जीपमध्ये तीन डबे, प्रत्येकात चारशे किट.
ती गोठू नयेत म्हणून आमचे कोट त्यांच्यावर
आणि आम्ही कुडकुडत.
लुव्सान गाडी हाकतो, मी सुया मोजते.
राजधानीचा हुकूम आहे: एकही माणूस सुटता कामा नये.
पंधरा वर्षांवरचा प्रत्येक जण, प्रत्येक गेर,
जिथे एका तंबूतून दुसऱ्यात जायला अर्धा दिवस लागतो
आणि वाटेत फक्त वारा भेटतो.

गणित मी रात्री मांडलं, वाळल्या शेणाच्या जाळापाशी.
आमच्या वाट्याला दहा हजार माणसं.
त्यांत एचआयव्ही असेल दोघांना.
चाचणी हजारात दोनदाच चुकते,
म्हणजे दहा हजारांत वीसदा.
बावीस पट्ट्यांवर दुसरी रेघ उमटेल
आणि त्यांतल्या वीस खोट्या.
मग ही चाचणी भिकार, लुव्सान म्हणाला.
नाही रे, चाचणी चांगलीच आहे,
आजारच इथे विरळ आहे.
त्याला पटलं नाही.
मला पटलेलं होतं, तरी झोप लागली नाही.

ओयुंगेरेलच्या पट्टीवर रेघ आली.
फिकट, दुधात बोट बुडवून ओढावी तशी.
मी पाठ केलेलं सांगितलं:
हे शेवटचं उत्तर नाही, नळी राजधानीला जाईल.
किती दिवस?
रस्ता उघडा राहिला तर एकतीस.
तिने खारट चहा आधी माझ्या वाटीत ओतला
आणि स्वतःची वाटी उचलून दाराजवळ ठेवली, वेगळी,
मी तोंड उघडायच्या आत.

पुढचं मला नंतर कळलं.
नवरा भावाच्या गेरमध्ये झोपायला गेला.
सुनेने नातवाला तिच्या मांडीवरून उचललं,
थंडी लागेल म्हणाली.
नवऱ्याने आठवून आठवून काढलं
की एका वर्षी ती महिनाभर शहरात होती, दात काढायला.
दात काढायला महिना लागतो का?

माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.
डिझेलला आहे, हातमोज्यांना आहे,
लुव्सानच्या भत्त्यालाही आहे.

निकाल घेऊन गेले. काही नाही, निरोगी.
तिने कागदाला हात लावला नाही, कुत्रा दाखवला.
लांडगा आला आणि हा गप्प बसला
असं आजवर झालं नाही, म्हणाली.
पण लांडगा येतो वर्षातून एकदा
आणि रात्री असतात तीनशे पासष्ट.
कधी कोल्हा, कधी घरंगळणारी गवताची गुंडी,
कधी काहीच नाही.
भुंकला की मी उठते, कंदील घेऊन बघून येते, झोपते.
तुम्ही भुंकून गेलात
आणि कंदील एकतीस दिवसांनी आणलात.

वाटी अजून दाराजवळच होती.

मोहीम संपली. एका खऱ्या उत्तराला खर्च आला
सहाशे मेंढ्यांचा.
मी मेंढ्यांत मोजते, पैशांत इथे कुणाला वजन कळत नाही.
त्यात खाणींच्या वाटेवर वर्षभर दवाखाना चालला असता,
जिथे आजार खरोखर राहतो.
हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं.

आणि मग तो आठवला, दोघांतला एक.
नाव लिहिणार नाही. कोळशाचा ट्रक चालवतो,
आईला भेटायला दोन दिवस आला होता,
दोन दिवसच, आणि नेमके आम्ही.
खोकला धुळीचा आहे असं समजत होता.
आता इंजिन सुरू करायच्या आधी गोळी घेतो.
त्याने मला एक मेंढी देऊ केली.
नियम आहे, मी घेतली नाही.
पण सहाशेतून ती वजा करायची की कसं,
हे कुणाला विचारावं?

शेवटचा प्रश्न: मोहीम पुन्हा घ्यावी का, हो किंवा नाही.
मी लिहिलं, दुसरी चाचणी जीपमध्येच न्या,
वेगळ्या जातीची, त्याच दिवशी,
चहा गार व्हायच्या आत.
जागा संपली तशी अक्षरं समासात चढली.
लुव्सान म्हणतो,
चौकटीबाहेरचं तिकडे वाचत नाहीत.