रविवारची पाळी

तुर्कूत रविवारी सगळं बंद, पेशींना मात्र भूक लागते.
म्हणून मी येते. बूट काढते, हात धुते,
त्यांचं गुलाबी पाणी बदलते.
आत सदतीस अंश. बाहेर उणे एकोणीस.

या तैस्तोच्या कमरेच्या हाडातून काढलेल्या.
तैस्तो बर्फ फोडणाऱ्या जहाजावर स्वयंपाकी होता;
आता चमचा तोंडाशी नेताना
सूप सांडतं, आणि तो टेबलालाच शिव्या देतो.

त्याच्या मेंदूत राखणदार पेशी आहेत.
चोर कधीच पळाला, किंवा आलाच नव्हता,
पण यांच्या काठ्या खाली येईनात:
घरच्याच तारा झोडपतायत.

मला वाटायचं, मूळपेशी तिथे जाऊन
नव्या तारा होतील. तसं नसतं म्हणे.
डॉक्टर पेल्तोला म्हणाल्या, त्या कडेला बसतात,
काहीतरी सोडतात, थेंबाहून कितीतरी बारीक,
आणि थोड्या दिवसांत मरून जातात.
काठ्या मग खाली येतात.
कदाचित, असंही म्हणाल्या. दोनदा.

माझी ऐनोमावशी अशीच.
भांडणाच्या घरात शिरायची, बाजू कुणाचीच नाही,
कॉफी मागायची, पातळ झाली म्हणून कुरकुरायची,
आणि ती उठेपर्यंत
कोण कशावरून ओरडत होतं, कुणाला आठवत नसे.

उंदरांत जमलंय.
उंदीर चमच्यानं सूप पीत नाहीत.

भिंगाखाली त्या लांबट,
मासळीच्या थव्यासारख्या एकीकडे कललेल्या.
"नुसत्या बसा," मी सांगते, आणि झाकण लावते.

बुधवारी तैस्तोला सुई.
त्यानं विचारलंय, नंतर कॉफी मिळेल का.