पाऊण इंच

शाळांचे गणवेश शिवतो मी, शुक्रवार पेठेत.
जून आला की मान वर करायला सवड नसते.
सव्वीस वर्षांत किती पाठी मोजल्या असतील,
तरी केतकीची पाठ
मी फक्त टेपने मोजली.

डावा खांदा पाऊण इंच खाली.
कारागिराला जे सुचतं तेच मला सुचलं:
डावीकडे एक पॅड जास्त घातलं,
कडेची शिवण जराशी फिरवली,
आणि आरशात मुलगी सरळ दिसली.
दोन वर्षं दिसत राहिली.

मग शाळेतल्या तपासणीत तिला ओणवं व्हायला सांगितलं
आणि पाठीची उजवी बाजू उशीसारखी वर आली.
उजेडाच्या काचेवर मी तिचा मणका पाहिला:
धावदोरा घालताना कुणी हाक मारावी
आणि हात हलावा, तसा.
एकतीस अंश, डॉक्टर म्हणाले.
मी विचारलं, इंचात किती?
कुणी हसलं नाही.

पद्मावतीला तस्नीम मॅडमची फिजिओथेरपी,
मंगळवार-शुक्रवार, स्वारगेटला बस बदलून.
पहिल्याच दिवशी मॅडमनी शर्टातलं पॅड चिमटीत धरलं.
‘हे कुणी?’
मी.
‘छान बसवलंय,’ म्हणाल्या. ‘आता उसवा.’

भिंतीला लाकडी दांड्या, समोर आरसा.
केतकी कुशीवर, कमरेखाली तांदळाची पिशवी.
‘डावीकडे, मागे, खोलगट आहे ना, तिथं श्वास ने.’
श्वास काय बाही आहे, हवी तशी वळवायला?
तिलाही जमेना. रडली.
मॅडमनी त्या खोलगट जागी दोन बोटं टेकवली
आणि थांबल्या. बराच वेळ.
मग ती बोटं उचलली गेली,
केसभर.

मला कळलं ते माझ्या धंद्याच्या भाषेत.
कपडा आखूड झाला तर
आत माया असली की सोडता येतो.
कापडाला मी चिक्कू माणूस,
पण पोरांच्या कपड्यांत दीड इंच माया ठेवतोच.
हिच्या डाव्या बरगड्यांतही ती असणार.
आजवर कुणी उलटून बघितलं नव्हतं.

मॅडम असलं काही बोलत नाहीत.
‘सरळ होईल?’ विचारलं की म्हणतात,
‘वाढू द्यायचं नाही. उंची थांबेपर्यंत.
रोज पाऊण तास.’

पिशव्या मीच शिवल्या, खाकी कापड उरलं होतं.
आमच्या हिने इंद्रायणी द्यायला साफ नकार दिला,
मग रेशनचा तांदूळ भरला.
ब्रेसचे पट्टे काढतानाचा तो आवाज,
नवं कापड टर्रकन फाडल्यासारखा,
अजून ऐकला की मशीनवरचा माझा पाय थांबतो.
काही दिवस ती घालतच नाही.
दप्तराशेजारी उभा असतो ब्रेस,
आतून रिकामा,
घरातल्या सगळ्यांपेक्षा ताठ.

आठ महिन्यांनी एकोणतीस.
मी पेढे घेऊन गेलो.
मॅडम म्हणाल्या, दोन अंश
मोजणाऱ्याच्या हाताचेही असू शकतात.
पेढा मात्र घेतला. दुसराही घेतला.

यंदा तिचा गणवेश नव्याने बेतला:
डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी,
वहीत एका नावाखाली दोन मापं.
पॅड नाही.

ट्रायलला उभी राहिली तेव्हा
आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली,
‘बाबा, तुमचा उजवा खांदा खाली आहे.’
कात्रीचा खांदा तो. सव्वीस वर्षांचा.
‘टेप द्या इकडे.’
मोजलं तिनं. किती ते सांगितलं नाही.
माझ्या पाठीवर दोन बोटं टेकवली.
‘श्वास घ्या. तिथं नाही हो,
इथं.’

दारात गिऱ्हाईक उभं, हातात पावती.
मी म्हणालो, थांबा जरा.