चौथा गट

सकाळी साडेसातला,
कूलरमध्ये पाणी ओतायच्याही आधी,
मी उंदरांच्या पाळ्या लिहिते.

मिठाच्या पाण्यात भिजवलेली काडी, काचपट्टी, निळा रंग.
मायक्रोस्कोपखाली कधी गोल पेशी, सीताफळाच्या बियांसारखा गर्द ठिपका पोटात धरून,
कधी नुसता पाचोळा,
कडा मुडपलेला, सुका.
पाचोळा दिसला की समजायचं, बाई ठीक आहे.
चार दिवसांचं चक्र त्यांचं.
सहा-सहाचे पाच गट,
शेपटीवर मार्करच्या रेघा.

पहिला गट सोडून बाकीच्यांना आम्हीच आजारी पाडलं.
एकवीस दिवस, रोज एक मात्रा.
मग रकान्यात एकच अक्षर,
पुन्हा तेच, पुन्हा तेच.
चक्र थांबलेलं, मे महिन्यातल्या दुपारच्या इतवारीसारखं:
शटर अर्धं खाली,
आत कुणीतरी आहे,
पण व्यवहार नाही.

चौथ्या गटाला अशोकाची साल.

तिच्यासाठी किराणा ओळीत पाच दुकानं फिरले.
पौनीकर म्हणाले, घ्या ना बाप्पा, अस्सल आहे,
माझी सून घेते हेच.
पाच पुड्या, पाच तांबूस भुकट्या,
पाचही जिभेला सारख्याच तुरट.
प्रयोगशाळेतल्या काचेवर त्यांना चढू दिलं,
अंधार करून जांभळा दिवा लावला
तर तिघींच्या ओळीत हवा तो ठिपका नव्हताच.

म्हणजे आसुपाला.
तोच, जो अमरावती रोडच्या प्रत्येक बंगल्याच्या फाटकाशी
हात अंगाला चिकटवून सरळ उभा असतो
आणि सगळं नागपूर ज्याला अशोक म्हणतं.
मीही म्हणायचे.
शाळेतल्या निबंधातसुद्धा.

खरा अशोक बुटका, पसरट. फुलं खोडालाच फुटतात,
नारिंगी, जरा निर्लज्ज.
बोकडे मॅडमनी तो दाखवला तेव्हा
मी आधी इकडेतिकडे पाहिलं.

धंतोलीत एका डॉक्टरीणबाईंनी
माझ्या सोनोग्राफीवर पेन टेकवून
काळे मणी मोजले होते. डावीकडे चौदा, उजवीकडे अकरा.
वजन उतरवा म्हणाल्या, आणि लग्न लांबवू नका.
बाहेर आईने विचारलं, काय म्हणाल्या?
मी म्हटलं, मेथ्या खा म्हणाल्या.
तेव्हापासून रात्री वाटीत मेथ्या भिजतात
आणि सकाळी त्या मी कुंडीत ओतते.
कुंडी छान आली आहे.

प्रबंधात मी असं लिहू शकत नाही.
प्रबंधात लिहायचं: अर्क, मात्रा, किलोमागे मिलिग्रॅम,
फरक लक्षणीय आहे किंवा नाही.
अजून कळलेलं नाही.
एकतिसाव्या दिवशी चौथ्या गटातल्या दोघींत
पाचोळा दिसला.
दोघींत. सहापैकी.
मॅडम म्हणाल्या, नाचू नकोस, थांब.
तिसऱ्या गटाला दिलेलं बाजारातलं औषध
चौघींत चाललंय.

शेवंताबाई उईके पिंजऱ्यांतला भुसा बदलतात.
त्यांच्या आईच्या आईला असलं झाड माहीत होतं, रामटेकच्या पलीकडे.
साल काढायची ती एकाच बाजूने,
आणि झाडाला आधी सांगून.
आता ते झाड आहे का? मी विचारलं.
रस्ता झाला तिथं, त्या म्हणाल्या.
मी हे टिपून ठेवलं, मग खोडलं,
कारण याला संदर्भ काय द्यायचा?

काल त्या माझ्यामागे उभ्या होत्या, हातात टोपली.
रोज लिहिता का वं हे, मॅडम?
रोज.
तीसही जणींचं?
तीसही जणींचं. एक दिवस चुकला तर सगळं वाया.

त्यांनी भुसा झटकला.
आन् तुमचं कोन लिहिते?

पंखा फिरत होता, नोंदवहीची पानं
चौथ्या गटावरून पाचव्यावर, पाचव्यावरून कोऱ्यावर.
मी बोट ठेवून पान धरलं.
आठवायला लागले,
होळीच्या आधी की नंतर,
आणि कुठली होळी.