घसारा

लाँगटनच्या कारखान्यात मला पाठवलं ते किंमत काढायला.
भट्ट्या दोन: घसारा वजा जाता जवळजवळ शून्य.
साचे चारशे बारा, विटांची इमारत, गळकं पन्हळ.
आणि नाव. कपाच्या बुडाशी छापलेलं नाव,
त्याचे मात्र सव्वीस लाख पौंड.
घेणाऱ्याला नावच हवं होतं.
कप काय, कुठेही होतात, म्हणाला.

वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी, डोरीन हॅसल
कपांच्या कडेला सोन्याची रेघ ओढते.
ओढते म्हणजे, हात ठेवते.
कुंचला जागचा हलत नाही, चाक फिरतं,
आणि कड स्वतःच येऊन रेघ घेऊन जाते.
तेवढा वेळ ती श्वास घेत नाही.
मीही घेतला नाही.

"हे सोनं?" काकवीसारखं तपकिरी दिसत होतं.
"भट्टीतून आल्यावर. तोवर विश्वास ठेवायचा."

मग तिनं लॅपटॉपकडे हनुवटी केली:
"यात मी कुठल्या ओळीत आहे गं?"
मी स्क्रीन वळवली. खरं तेच सांगितलं.
खर्चात.
"खर्चात," ती म्हणाली, दोनदा,
नव्या शेजाऱ्याचं नाव म्हणून बघावं तसं.

तिनं मला स्टूल दिलं, कुंचला दिला.
एलिमेंटरी चित्रकलेत 'ब' श्रेणी मिळवलेला माझा हात.
रेघ कापरं भरल्यासारखी निघाली
आणि सुरुवातीला येऊन भेटलीच नाही.
डोरीननं ती चिंधीनं पुसली.
चिंधी टाकली नाही, डब्यात ठेवली.
"वर्षाअखेर जाळून सोनं काढतात. पैसे येतात त्याचे."

चिंध्या, साडेतीन किलो. टिपून घेतलं.
म्हणजे माझी बिघडलेली रेघ
मालमत्तेत जमा झाली
आणि तिच्या चौतीस वर्षांतल्या एकाही रेघेला
तक्त्यात जागा नव्हती.
नियम मला पाठ आहे:
जे मालकाच्या ताब्यात नाही,
जे संध्याकाळी कोट चढवून
बसस्टॉपकडे चालू लागतं,
ते मोजायचं नाही.

निघताना तिचा अंगठा दिसला.
चाक फिरवून फिरवून एका अंगानं सपाट,
ठसा उमटणार नाही इतका गुळगुळीत.
यंत्राचा असता तर
दरसाल वजा करायला मिळाला असता.

मी जिना उतरले. वर चाक पुन्हा सुरू झालं.
शुक्रवारपर्यंत द्यायचे
छत्तीस डझन बाकी होते.